उपकेंद्राला पाणी नसेल तर विचारायचं कोणाला? जिल्हा परिषदेची आरोग्य व बालकल्याण देखरेख गावातून कशी कामाला लावावी

आमच्या गावच्या उपकेंद्रात प्रसूतीची खोली होती, टेबल होतं, सिस्टर होत्या, पण नळाला दीड वर्ष पाणी नव्हतं. त्यामुळे बाळंतपणं बंद. दिवस भरलेल्या बायका रात्री-अपरात्री जीपमधून घाट उतरून तालुक्याला जायच्या. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. आम्ही सह्यांचं निवेदन घेऊन गेलो ते तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, कारण सरकारी डॉक्टर म्हणजे तिथलेच, असा आमचा समज. निवेदन ठेवून घेतलं गेलं. दोन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की उपकेंद्र त्यांच्याकडे येतच नाही. मग तहसील झाली, एका पुढाऱ्याचं कार्यालय झालं. शेवटी पंचायत समितीतल्या एका जुन्या कारकुनांनी सांगितलं, ‘‘ताई, हा अर्ज टीएचओंच्या, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावानं लिहा, एक प्रत बीडीओंना, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या.’’ पुढच्या तीन आठवड्यांत ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवरून जोडणी झाली.

दीड वर्षातला बराचसा काळ आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. हा लेख त्यासाठी आहे: नवे सरपंच-सदस्य, बचत गटातल्या बायका, दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीवर नाव आलेली पण बैठकीला काय बोलायचं हे न कळलेली माणसं, यांच्यासाठी. जिल्हा परिषदेची देखरेख कागदावर वरून खाली येते. पण सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी), डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) यांच्यापर्यंत आपल्या गावाचं खरं चित्र पोचतं ते गावानं योग्य वहीवर बोट ठेवून, योग्य माणसाला, लेखी विचारलं तरच.

पहिली पायरी: दार कोणाचं ते ठरवा

ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी आरोग्यसेवेची दोन वेगळी घरं आहेत आणि बाहेरून दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपण ज्याला पीएचसी म्हणतो ते, जिल्हा परिषदेचं. त्यावर तालुक्यात तालुका आरोग्य अधिकारी (टीएचओ) आणि जिल्ह्यात जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ). ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. तिथले प्रमुख जिल्हा शल्य चिकित्सक, ज्यांना लोक अजून ‘सिव्हिल सर्जन’च म्हणतात. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय तालुक्याच्या गावी असलं तरी पंचायत समितीचा त्याच्यावर हुकूम चालत नाही. रुग्णवाहिकांचंही तसंच. १०८ ही राज्यपातळीवरून चालणारी आपत्कालीन सेवा. गरोदर मातांना आणि लहान बाळांना ने-आण करणारी १०२ ची गाडी बहुधा पीएचसीच्या अंगणात उभी असते. ती बंद पडली तर प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि टीएचओंना.

सामाजिक सेवांत घोटाळा याहून मोठा आहे, कारण नावं जवळजवळ सारखी. अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे. तिथे उपमुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला बाल विकास प्रकल्प अधिकारी (सीडीपीओ), आणि साधारण पंचवीसेक अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका, म्हणजे सुपरवायझर मॅडम. पण अनाथ किंवा एकल पालक असलेल्या मुलांची बालसंगोपन योजना पाहतात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, आणि ते राज्य शासनाचं वेगळं कार्यालय. समाजकल्याणचंही असंच: जिल्हा परिषदेत जिल्हा समाज कल्याण अधिकारी असतात, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची कामं त्यांच्याकडून होतात, शासकीय वसतिगृहं मात्र सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचं अनुदान अडलं तर थेट तहसील गाठायची, जिल्हा परिषदेत चकरा मारून उपयोग नाही. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीतल्या रुग्णालयात होते. दिव्यांगांसाठी राखलेला पाच टक्के निधी मात्र ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेत.

इतकं सगळं ध्यानात राहत नसेल तर एकच प्रश्न विचारा: ‘‘इथल्या माणसाची रजा कोण मंजूर करतं?’’ रजा टीएचओ किंवा सीडीपीओंकडे जात असेल, तर दार जिल्हा परिषदेचं.

दुसरी पायरी: आत कोण कोणाला जाब विचारतं ते समजून घ्या

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, १९६१ च्या अधिनियमानुसार. वसंतराव नाईक समितीनं सुचवलेली ही रचना. आज ३६ जिल्ह्यांपैकी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर सोडून ३४ जिल्हा परिषदा आहेत, आणि राज्यातली १०,००० हून अधिक उपकेंद्रं त्यांच्या भरवशावर चालतात.

अध्यक्ष आणि सदस्य निवडून आलेले. मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ) शासनानं नेमलेले. दोघांच्या मधे विषय समित्या. आपल्या कामाच्या तीन: आरोग्य समिती, महिला व बालकल्याण समिती, समाजकल्याण समिती. पाण्याचा विषय असेल तर जलव्यवस्थापन व स्वच्छता समिती, तिचे प्रमुख स्वतः अध्यक्ष. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा किमान तीन महिन्यांतून एकदा, पंचायत समितीची बैठक दरमहा. टीएचओ आणि सीडीपीओंना पंचायत समितीच्या बैठकीत आढावा द्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवात गावाचा प्रश्न सगळ्यात लवकर सुटतो तो याच बैठकीत. तिथे अधिकारी समोर असतो, गाव त्याला ठाऊक असतं आणि इतिवृत्तात नोंद होते.

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक आले. सदस्य नाहीत, समित्या नाहीत, सगळे अधिकार एका अधिकाऱ्याकडे. त्या काळात गावांना फार अडचण झाली हे खरं. पण तेव्हाही ग्रामसभा होत्या, वह्या होत्या, माहितीचा अधिकार होता. तुमच्याकडे सदस्य निवडून आलेले असोत वा प्रशासक असो, खालच्या पायऱ्या दोन्ही वेळा चालतात.

तिसरी पायरी: गावातल्या गावात पाहणी करा

प्रत्येक महसुली गावात एक समिती असायला हवी: ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समिती. १२ एप्रिल २००५ रोजी ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून ती आली. सरपंच, अंगणवाडी सेविका, आशा, आरोग्य सेविका, बचत गटाच्या बायका तिच्यात असतात. अभियानाच्या निकषाप्रमाणे गावाला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचे पैसे. रक्कम छोटी आहे, पण ती कशावर खर्च झाली हे गावकऱ्यांना क्वचित माहीत असतं. पहिलं काम हे करा: समितीचं पासबुक आणि बैठकीची वही पाहायला मागा. खातं संयुक्त सहीनं चालतं. सतरंज्या, फलक, फ्लेक्स यांवर पैसे गेलेले दिसले, तर पुढच्या बैठकीत वजनकाट्याची दुरुस्ती किंवा अडलेल्या रुग्णाची ने-आण यांचा ठराव मांडा.

त्यानंतर पाणी. पावसाळ्यातले निम्मे आजार इथूनच येतात असं मला नेहमी वाटत आलं आहे, म्हणून यावर थोडं थांबते. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी; सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर कोणत्या विहिरीमुळे, कोणत्या हातपंपामुळे, हेही विचारा. कारण उपाय त्या एका ठिकाणी करायचा असतो. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचा साठा किती दिवसांचा आहे, ती कोरड्या जागी ठेवली आहे का, तिच्यातलं क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली तर गेलं नाही, हे पाहणं ग्रामपंचायतीचं काम, आणि तपासायचं काम आरोग्य सेवकाचं. ओल लागलेली पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी, नेहमी नळयोजनेच्या अगदी शेवटच्या घरी करायला सांगा. टाकीजवळ पिवळा रंग हमखास येतो. वस्तीच्या टोकाला आला तर खरं. तिथे प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं.

मग उपकेंद्र. नियमानं सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला एक. तिथे आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, आणि आरोग्यवर्धिनी केंद्र झालं असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ). दाराला कुलूप दिसलं की लगेच तक्रार करू नका. सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या वस्तीवर गेलेल्या असू शकतात. महिन्याचा फिरती कार्यक्रम बाहेर लावलेला असतो, तो आधी वाचा. नसेल लावलेला, तर पहिली मागणी तीच.

कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहण्याचा मुद्दा प्रत्येक ग्रामसभेत निघतो आणि त्यावरून भांडणं होतात. कर्मचारी मुख्यालयी राहतात याला घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचा आधार हवा, असा निर्णय २०१९ मध्ये शासनानं काढला. ठराव हातात आहे म्हणून तो धाकासाठी वापरू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या उपकेंद्राच्या निवासाचं छत गळत होतं, संडासाला दार नव्हतं. तिथे लहान मुलं घेऊन कोण राहील? ठरावात आधी निवास दुरुस्तीची मागणी घाला, दुरुस्ती झाल्यावर राहण्याची अपेक्षा लिहा. आमच्याकडे तसं केलं आणि सिस्टर राहायला आल्या.

आशांच्या कामाची पाहणी वेगळी करायची. आशा पगारी कर्मचारी नाहीत. साधारण १,००० लोकसंख्येमागे एक, कामागणिक मोबदला. त्यांच्या कामाचा खरा पुरावा वहीपेक्षा बाळंतिणीच्या घरी मिळतो. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावर पिणं हे पाहायचं. या भेटींची पद्धत आपल्याच गडचिरोलीतून आली आहे: डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या खेड्यांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं जे काम केलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ते उतरलं. म्हणून सव्वा महिन्याच्या बाळंतिणीला प्रेमानं विचारा, आशाताई किती वेळा आल्या, बाळाला कापडी झोळीत घालून तोललं का. उत्तर ‘एकदाच’ असेल तर आशाला फैलावर घेण्याआधी गटप्रवर्तकांना, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंना, विचारा की तिला काटा आणि थर्मामीटर दिलं आहे का, आणि मागचा मोबदला निघाला का.

चौथी पायरी: पीएचसीत चार गोष्टी पाहा

पीएचसी ३०,००० लोकसंख्येला, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० ला. सहा खाटा, मंजूर पदं दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची. प्रसूती चोवीस तास. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या पीएचसीत काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा जो अभ्यास केला, त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. एवढ्याशा केंद्रातून काय होऊ शकतं याची आठवण म्हणून हे सांगते. पीएचसी म्हणजे फक्त तापाच्या गोळ्या, असं समजून तिकडे दुर्लक्ष करू नका.

पाहायचं काय? सर्पदंशाची आणि कुत्रा चावल्यावरची लस, म्हणजे एएसव्ही आणि एआरव्ही, आज साठ्यात किती कुप्या आहेत. ‘येईल’ हे उत्तर चालत नाही, आकडा विचारा. औषधांची आवक-जावक ई-औषधी या संगणक प्रणालीत नोंदवली जाते, त्यामुळे आकडा लगेच मिळायला हवा. दुसरं, लसींच्या फ्रिजचं तापमान: २ ते ८ अंशांत, दिवसातून दोनदा वहीत लिहिलेलं. रविवारीही नोंद आहे का ते बघा. वीज जाते त्या गावांत हा कागद फार बोलका असतो. तिसरं, मागच्या तीन महिन्यांत किती प्रसूती झाल्या आणि किती पुढे पाठवल्या. सगळ्याच पुढे पाठवल्या जात असतील तर कारण विचारा. बहुधा एखादं पद रिक्त असतं किंवा रात्रीची नर्स नसते, आणि तो प्रश्न डीएचओंच्या पातळीवरचा.

चौथं, पैसे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सेवा मोफत आहे. बाळंतिणीसाठी तर २०११ पासूनच जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घर ते दवाखाना ते घर अशी ने-आण मोफत आहे. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली, गाडीत डिझेल टाकायला सांगितलं, असं घडलं तर ती चिठ्ठी, ती पावती जपून ठेवा. तोंडी तक्रार दोन दिवसांत विरते. चिठ्ठी फाइलला लागते.

रुग्ण कल्याण समितीचा उल्लेख इथेच करते. वैद्यकीय अधिकारी तिचे सचिव. भागातल्या लोकप्रतिनिधींना तिच्यात जागा असते. तुमच्या गावातला कोणी सदस्य असेल तर बैठकीआधी त्याच्याकडे वरच्या चार गोष्टींचा कागद द्या. बैठकच होत नसेल, तर मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागणं पुरेसं असतं. मागणी लेखी आली की तारीख पडते.

पाचवी पायरी: अंगणवाडी, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तिथला आहार मुलाचा हक्क झाला. २०१३ च्या कायद्यात मुळात ठरलेलं प्रमाण असं होतं: सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला दिवसाला ५०० किलो कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित असेल तर ८०० किलो कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलो कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम. वर्षातले ३०० दिवस. तीन वर्षांखालच्या मुलांना हा आहार घरी न्यायला मिळतो (टीएचआर), मोठ्यांना गरम ताजा. आदिवासी क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी वेगळी.

आहार कसा तपासायचा? भांड्यात डोकावून. खिचडीत डाळ दिसते का, मुलं संपवतात का. टीएचआरची पाकिटं घरी खाल्ली जातात की गुरांच्या आंबोणात जातात, हे आयांना विचारा. जात असतील तर चव किंवा दर्जा हा तक्रारीचा विषय आहे, आयांचा दोष नव्हे. पाकिटावरची तारीख आणि गावाला मिळालेली संख्या वहीत लिहून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं वजन. दरमहा वजन आणि उंची घेऊन मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर अॅपमध्ये भरायची असते. काटा बिघडलेला असेल किंवा वजनाच्या दिवशी मूल ऊसतोडीला, वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेलं असेल, तर आकडा अंदाजानं भरला जाण्याची भीती असते, आणि मग जिल्ह्याच्या अहवालात कुपोषण ‘कमी’ होतं. म्हणून गावातल्या दोन-चार जणींनी एका वजनाच्या दिवशी स्वतः तिथे बसावं. दंडाचा घेर मोजायची पट्टी सेविकेकडे असते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित (सॅम), ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम (मॅम). हे मोजायला डॉक्टर लागत नाही.

सॅम मूल सापडलं की पुढची साखळी अशी. अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र (व्हीसीडीसी) सुरू करून जादा आहार आणि औषधं. ताप, जुलाब, पायावर सूज किंवा भूक मेलेली असेल तर बाल उपचार केंद्र, आणि पुढे रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र (एनआरसी). साखळी तुटते ती शेवटच्या कडीत. आई घरी दोन लेकरं, म्हातारी सासू आणि रोजंदारी टाकून दवाखान्यात दोन आठवडे राहू शकत नाही. एनआरसीत आईचं जेवण आणि बुडीत मजुरी दिली जाते, हे तिला आधी सांगा. घरच्या मुलांची सोय शेजारणींनी बघा. आमच्या गटातल्या बायकांनी हे वाटून घेतलं होतं. कोणत्याही अधिकाऱ्याच्या भेटीनं जे झालं नसतं ते त्यानं झालं.

सेविकांबद्दल एक सांगणं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी कर्मचारी मानधनासाठी संपावर गेल्या होत्या. मुलं, लसीकरण, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, मोबाइलवरच्या नोंदी, सगळं त्यांच्यावर. पाहणीला जाताना मदतीच्या भावनेनं जा. इमारत मोडकी आहे, काटा नाही, पोषण ट्रॅकरचा फोन बंद आहे, यातलं काही तिला स्वतःला वर सांगायला जड जातं. तेच ग्रामसभेनं सांगितलं तर तिच्या अंगावर येत नाही.

सहावी पायरी: पैसा कुठे आहे

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीत (लोक ‘सेस’ म्हणतात) महिला व बालकल्याणाला १० टक्के, समाजकल्याणाला २० टक्के, दिव्यांगांना ५ टक्के. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० जिल्हा परिषदेला गेले. पीएचसीची नवी इमारत, मोठी दुरुस्ती यांसाठी जिल्हा नियोजन समितीचा पैसा लागतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री.

व्यवहारात याचा अर्थ असा: उपकेंद्राची नळजोडणी, अंगणवाडीचा संडास ही कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घाला. हा आराखडा बहुधा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. जानेवारीत जाऊन बसलात तर गटारं आणि पेव्हर ब्लॉकनी तो भरलेला असतो.

सातवी पायरी: लेखी चढण

पहिला अर्ज सगळ्यात खालच्या जबाबदार माणसाला: वैद्यकीय अधिकारी किंवा पर्यवेक्षिका. पंधरा दिवस थांबा. मग टीएचओ किंवा सीडीपीओ, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. त्यानंतर डीएचओ किंवा उपमुख्य कार्यकारी अधिकारी, प्रत सीईओंना. प्रत्येक वेळी आधीच्या अर्जाची पोच जोडा. थेट सीईओंकडे गेलात तर अर्ज शेरा मारून परत खालीच येतो, आणि त्यात महिना जातो. जीवावरचा प्रसंग असेल तर मात्र ही चढण विसरा, सरळ टीएचओ-डीएचओंना फोन लावा.

आपले सरकार संकेतस्थळावर तक्रार टाकता येते. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. ‘उपकेंद्राबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक उपकेंद्राला मागच्या दोन आर्थिक वर्षांत मिळालेला अबंधित निधी आणि त्याच्या खर्चाच्या पावत्यांच्या प्रती’ असं लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

गावं एकत्र आली तर आणखी एक वाट आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी उपकेंद्राला, पीएचसीला लाल, पिवळा, हिरवा असे शेरे देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचले जात. औषधांची चिठ्ठी बाहेरची लिहिणं, दवाखान्यात पैसे मागणं अशा गोष्टी चारचौघांत बोलल्या गेल्या. अशी शेऱ्यांची पत्रिका तुम्हालाही करता येईल: दहा प्रश्न, तीन रंग, पाच गावं, आणि पंचायत समितीच्या मासिक बैठकीच्या आठवडाभर आधी तुमच्या भागातल्या सदस्याच्या हातात.

ठरावाचा मसुदा

ग्रामसभेत नुसतं बोलून वही कोरी राहिली तर काही झालं नाही असं समजा. आम्ही वापरला तो नमुना देते, रिकाम्या जागा तुमच्या:

‘‘मौजे ……… येथील उपकेंद्राच्या प्रसूतिकक्षास दि. ……… पासून पाण्याची जोडणी नाही, त्यामुळे प्रसूती बंद आहेत. सदर जोडणी ग्रामपंचायतीने ……… निधीतून ३० दिवसांत करावी. तालुका आरोग्य अधिकारी यांनी त्यानंतर प्रसूतिसेवा सुरू करून केलेल्या कार्यवाहीचा लेखी अहवाल पुढील ग्रामसभेपूर्वी ग्रामपंचायतीस द्यावा, असे सर्वानुमते ठरले. सूचक ……… अनुमोदक ………’’

कोणी करायचं, कोणत्या पैशातून, किती दिवसांत आणि कोणाला कळवायचं, या चारही गोष्टी त्यात आहेत का ते सही करण्याआधी तपासा. ठराव क्रमांक लिहून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून ठरावाची साक्षांकित नक्कल मागा, ती टीएचओंच्या आवक-जावक टेबलावर द्या, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक पडेपर्यंत तिथून उठू नका.